शेकरूच्या पाठीवर पट्टे नसतात: एका मगचे चौदा महिने

माझ्या मगच्या डिझाइन नोंदणीचं प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा जानेवारी २०२६ अर्धा सरला होता. सुरुवात झाली होती २०२४ च्या दिवाळीत. मधल्या काळात दोनदा वाटलं, सोडून द्यावं. दोन्ही वेळा काम अवघड होतं म्हणून नाही, तर पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं म्हणून. जी माहिती मिळायची ती वकिली इंग्रजीत, तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणून तारखा, खर्च आणि चुका सगळं क्रमाने लिहिते आहे. कुणाला आपल्या गावाचा, जिल्ह्याचा मग करायचा असेल तर चाचपडणं थोडं कमी होईल.

माझी भाची म्युनिकला असते. ज्या शहरात जाईल तिथला मग आणायचा, ही तिची जुनी सवय. फळीवर ओळीने पंचवीस-तीस मग मांडलेले आहेत, प्रत्येकावर तिथली इमारत, तिथला प्राणी, तिथलं खाणं. दिवाळीत घरी आली तेव्हा इथलाही एक न्यायचा होता. आम्ही दोघी दोन दिवस पुण्या-मुंबईची दुकानं हिंडलो. मुंबईचे मग मिळाले, चांगले होते: काळी-पिवळी टॅक्सी, गेटवे, डबेवाला, वडापाव. पण विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण सगळ्यांना जागा देणारा मग काही मिळेना. एकावर ‘महाराष्ट्र’ असं लिहिलेलं होतं आणि शेजारी मोर काढला होता. मोर राष्ट्रीय पक्षी. आपला राज्यपक्षी हरियाल. भाची म्हणाली, “मावशी, हरियाल कसा असतो गं?” मलाही नीट सांगता आलं नाही. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

डिसेंबरमध्ये वही घेऊन बसले. राज्याची मानचिन्हं आधी लिहून काढली. प्राणी शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार), पक्षी हरियाल, फूल ताम्हण, झाड आंबा. २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे राज्य फुलपाखरू झालं. निलवंत म्हणतात त्याला, काही जण राणी पाकोळीही म्हणतात. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवन वृक्ष झाला आणि २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा. सात झाले. मग खाण्याची यादी सुरू झाली आणि घरात आठवडाभर तोच विषय. नागपूरची आत्या फोनवर म्हणाली, “संत्रं आलंच पाहिजे, आणि सांबारवडीही काढ.” (तिकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) जळगावच्या काकूंना भरीत हवं होतं. सोलापूरकडच्या शेजाऱ्यांनी हुरडा सुचवला. आईचं एकच म्हणणं होतं, मोदक.

इथे पहिली गोष्ट शिकले: यादी करण्याआधी जागा मोजा. नेहमीचा ३२५ मिलीचा मग साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो. वरचा दोन सेंटीमीटरचा पट्टा, जिथे ओठ लागतात, तो बाहेरूनही कोरा ठेवायचा, कारण तिथला रंग पोटात जाण्याची शक्यता असते. खालचा एक सेंटीमीटर वळणात जातो. उरली साडेसहा सेंटीमीटर उंची आणि कानापासून कानापर्यंत वीस सेंटीमीटर लांबी. एवढ्यात पंधरा गोष्टी कोंबल्या तर एकही दिसत नाही. कागदाची पट्टी कापून मगभोवती गुंडाळली, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि निम्मी यादी खोडली. सांबारवडी गेली. हुरडा गेला. पापलेट आणि चिप्पी पुढच्या कोकणच्या मगसाठी राखून ठेवले. आत्याची नाराजी ओढवून घेतली, पण संत्रं ठेवलं.

आणखी एक बारकावा कुणी सांगत नाही. उजव्या हातात मग धरला की पिणाऱ्याला एक बाजू दिसते आणि समोर बसलेल्याला दुसरी. मी शेकरू पिणाऱ्याच्या बाजूला घेतलं आणि हरियाल समोरच्याच्या. मध्ये, कानाच्या बरोबर विरुद्ध, किल्ला.

किल्ल्यावरून सगळ्यात जास्त विचारलं गेलं: “महाराज का नाहीत?” मलाही आधी महाराजच हवे होते. पण १९५० चा बोधचिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. अशोकस्तंभही असाच वापरता येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जी वस्तू उष्टी होते, मोरीत पडते, तिच्यावर महाराज नकोत असं मलाच वाटायला लागलं. म्हणून राजगड घेतला, सुवेळा माचीच्या नेढ्यासकट (नेढं म्हणजे कातळातलं आरपार भोक). नेढ्याच्या जागी रंगच लावायचा नाही, तिथे मगचा पांढरा चकाकता पृष्ठभाग तसाच ठेवायचा, ही कल्पना माझ्या चित्रकार मैत्रिणीची. उजेडाकडे मग फिरवला की ते नेढं खरंच लख्ख होतं. इमारती घेणाऱ्यांसाठी एक सूचना: मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीचं चित्र २०१७ पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. ओळखीची वास्तू आहे म्हणून ती कुणीही विक्रीच्या मालावर छापावी, असं नसतं.

चित्रं करायला मैत्रिणीने २८,००० रुपये घेतले, सहा महिन्यांच्या कामाचे. मला ते कमीच वाटतात. पहिल्या आराखड्यात शेकरूच्या पाठीवर पट्टे होते. आपल्या डोळ्यांना खार सवयीची, हात आपोआप तिकडे जातो. मग २०२५ च्या जानेवारीत आम्ही दोघी भीमाशंकरला गेलो. हे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः शेकरूसाठीच झालं. पहिल्या दिवशी फक्त घरटी दिसली, फांद्यांच्या बेचक्यात काटक्यापानांचे मोठे गोळे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला वर खसखस झाली आणि एक शेकरू फांदीवरून पुढे आलं. पाठ तांबूस-तपकिरी, एकसारखी, पोट मळकट पांढरं, आणि अंगापेक्षा लांब शेपटी खाली सोडलेली, तिचं टोक फिकट. मागच्या पायांवर रेलून ते दोन्ही हातांनी फळ फिरवत खात होतं. मैत्रिणीने पंधरा मिनिटांत नऊ चित्रं काढली. मगवर जे आहे ते त्यातलंच सातवं.

हरियालचे पाय तिने लाल केले होते, पारव्यासारखे. हरियालचे पाय पिवळे असतात, तीच त्याची ओळख. डोकं राखाडी, खांद्याशी फिकट जांभळा ठिपका. ताम्हणाला तिने पाच पाकळ्या काढल्या होत्या. सहा असतात, आणि कडा चुरगळलेल्या कागदासारख्या. त्यासाठी मे महिना उजाडेपर्यंत थांबलो, कारण बहर उन्हाळ्यातच येतो आणि मला फूल हातात घेऊन बघायचं होतं. आमच्या रस्त्यावरच तीन ताम्हण आहेत, इतकी वर्षं मी त्यांच्याखालून जात होते आणि पाकळ्या कधी मोजल्या नव्हत्या. मोदक आधी लसणाच्या गड्ड्यासारखा दिसत होता. आईने कळ्या कशा चिमटीत धरून वर नेतात ते पीठ घेऊन करून दाखवलं, तेव्हा कुठे तो मोदक झाला.

आणि वांगं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आम्ही ते छान जांभळं रंगवलं. काकूंना चित्र पाठवलं तर लगेच फोन. “अगं, हे कुठलं वांगं? आमचं हिरवं असतं!” खरंच, ते मोठं, फिकट हिरवं, पांढरट झाक असलेलं असतं. परदेशात वाढणाऱ्या मुलाला हे वांगं कदाचित या मगवरच पहिल्यांदा दिसणार आहे. तिथे चुकीचा रंग देणं मला पटत नव्हतं. यामुळे तीन आठवडे गेले, गेले तर गेले.

जूनअखेर चित्र पूर्ण झालं. ११ जुलै २०२५ ला मराठा लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत आल्याची बातमी आली. त्यात राजगड होता. त्या रात्री मला चित्राचा फोटो सगळ्यांना पाठवायचा होता. बोट अगदी बटणापर्यंत गेलं होतं. मैत्रिणीने थांबवलं, आणि तिचे उपकार आहेत. डिझाइनची नोंदणी हवी असेल तर अर्ज देण्याआधी ते डिझाइन कुठेही जाहीर झालेलं चालत नाही. नवेपणच जातं. व्हॉट्सॲपवर, प्रदर्शनात, कुठेही दाखवण्याआधी अर्ज द्या.

मी आधी समजत होते की चित्र आपलं, म्हणजे कॉपीराइट आपोआप आपला, बाकी कशाला? चित्राला तो असतोच (आणि चित्रकार दुसरी व्यक्ती असेल तर तिच्याशी लेखी करार हवाच, आमचा दोन पानांचा आहे). पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये एक अट आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्यासारखी गोष्ट नोंदवली नाही आणि ती वस्तूवर यंत्राने पन्नासापेक्षा जास्त वेळा उतरवली, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मला पाचशे मग करायचे होते. हे वाचल्यावर रात्री झोप लागली नाही.

नोंदणी डिझाइन कायदा, २००० खाली होते. वकील सक्तीचा नाही. फॉर्म १ भरायचा, व्यक्तीसाठी शुल्क १,००० रुपये. मग, कप, बशा यांचा वर्ग ०७-०१. सोबत चित्रांची पानं लागतात: समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि तिरकं. प्रत्येक पानावर अर्जदाराचं नाव, पान क्रमांक, नावीन्य कशात आहे ते एका वाक्यात, आणि सही. ऑनलाइनही होतं, पण मला समोर बसून विचारायचं होतं. २४ जुलैला पहाटेच्या गाडीने दादरला उतरले, तिथून टॅक्सीने अँटॉप हिलचं बौद्धिक संपदा भवन. दुपारी पावती मिळाली. अर्ज तिथे घेतात, तपासणी कोलकात्याला होते. पावतीवरची तारीख महत्त्वाची, हक्क त्या दिवसापासून मोजतात. परत येताना गाडीत मी ती पावती तीनदा काढून बघितली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आक्षेपाचं पत्र आलं. छातीत धस्स झालं. शांतपणे वाचलं तर दोनच मुद्दे होते, दोन्ही माझ्याच चुका. मगवर ‘शेकरू’, ‘ताम्हण’ अशी नावं होती. अक्षरांवर आणि रंगांवर आपण हक्क सांगत नाही, असं प्रत्येक पानावर लिहावं लागतं, ते राहिलं होतं. आणि मागच्या बाजूच्या चित्रात कान चुकीच्या अंगाला आला होता. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत हे सगळं निस्तरायचं असतं. मी अकरा दिवसांत दुरुस्त पानं पाठवली. आक्षेप म्हणजे नकार नव्हे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एकीकडे मग बनवायचे होते. दोन रस्ते असतात. सब्लिमेशनचा मग गल्लीतही मिळतो: लेप दिलेल्या मगवर कागद गुंडाळून साधारण १८०-२०० अंशांवर दाबतात, एकसुद्धा करून मिळतो. पण छपाई लेपावर असते, वर्षानुवर्षं घासल्यावर ती विटते. दुसरा डिकॅलचा. चित्र चिनीमातीच्या रंगांत विशेष कागदावर छापतात, पाण्यात भिजवून मगवर सरकवतात, पाणी निपटतात आणि ८०० अंशांच्या आसपास भाजतात. रंग चकाकीत रुततो. भाचीच्या फळीवर वीस वर्षं राहायचं तर हाच. त्यासाठी उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याला फोन लावले. तीन कारखान्यांनी हजाराखाली घेणार नाही म्हणून सांगितलं, चौथा पाचशेला तयार झाला.

नमुन्यांचे ३,५०० रुपये. पहिला नमुना ऑगस्टअखेर आला आणि मला रडू फुटलं. ताम्हण राखाडी झालं होतं. दुसरं म्हणजे ‘ताम्हण’ या शब्दातला ‘म्ह’ तुटून ‘म्’ आणि ‘ह’ वेगवेगळे पडले होते. त्यांच्याकडे आमचा फॉन्ट नव्हता. अक्षरांचं रेषांत रूपांतर करूनच फाइल पाठवायची, ही पक्की गाठ मारून घेतली. रंगाबद्दल कारखान्यातले ते गृहस्थ म्हणाले, “दीदी, रंग भट्टी के बाद ही बोलेगा.” चिनीमातीचा जांभळा-गुलाबी रंग सोन्यापासून होतो, म्हणून महाग, आणि आच थोडी इकडेतिकडे झाली की बदलतो. लालसर-तपकिरी मात्र लोहापासून येतो आणि सोशिक असतो. शेकरू पहिल्याच भट्टीत सुरेख आलं होतं. ताम्हणासाठी वेगळा रंग आणि छपाईची वेगळी जाळी घ्यावी लागली. एका रंगाला एक जाळी, प्रत्येकी १,१०० रुपये, अशा सात झाल्या. दुसरा नमुना सप्टेंबरच्या शेवटी आला. फूल फुलासारखं दिसलं. मी आईला न बोलता तिच्या हातात दिला. तिने बोटाने पाकळ्या मोजल्या.

रंगात शिसं आणि कॅडमियम किती सुटतं याची चाचणी असते, चार टक्के ॲसेटिक आम्लात चोवीस तास ठेवून. कारखान्याकडून तो अहवाल मागून घ्या, संकोच करू नका. मी घरीसुद्धा व्हिनेगरमध्ये एक नमुना दिवसभर बुडवून ठेवला, रंग ढळतो का बघायला. ढळला नाही. घरचा हा प्रयोग अहवालाची जागा घेत नाही, पण रंग फिका पडला तर मात्र तो माल घेऊच नका.

नोव्हेंबरात पाचशेची ऑर्डर दिली, मगमागे ११२ रुपये. माल पन्नास हजारांवरचा असल्याने ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागलं, ते कारखान्यानेच केलं. ट्रान्सपोर्टचे ७,८०० आणि नऊ दिवस. मग पेंढ्यात बांधलेले होते, सगळ्या घराला त्या पेंढ्याचा वास आठवडाभर. तेवीस फुटले होते. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, सही करण्याआधी खोके उघडून फोटो काढा आणि किती तूट आहे ते तिथेच लिहा. मी पहिले चार खोके न उघडता सही केली, त्यातले नऊ मग भरून मिळाले नाहीत.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) त्याआधीच, आधार आणि पॅनवर एका संध्याकाळी, विनामूल्य झाली होती. जीएसटीचा प्रश्न सगळे विचारतात: मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांखाली आणि विक्री राज्यातच, म्हणून मला घ्यावा लागला नाही. परराज्यात किंवा ऑनलाइन बाजारांवर विकायचं असेल तर हिशेब वेगळा होतो, आधी सल्ला घ्या. खोक्यावर मात्र मी चुकले. पॅकबंद वस्तूवर नाव-पत्ता, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. शेवटचं राहिलं होतं. मी म्हटलं, लेबल चिकटवू. खोकेवाल्याने सांगितलं, सक्तीचा मजकूर असा नंतर चिकटवता येत नाही, छापावाच लागतो. खोक्यामागे २४ रुपये दिले होते, वर तीन रुपये गेले. वैध मापन शास्त्र खात्याकडे पॅकर म्हणून नोंद केली, ५०० रुपये.

सगळं मिळून १,१८,००० रुपये. फुटलेले वजा करून मगमागे सुमारे २४७ पडले. यातले ९५ हजार माझ्या बचतीतले होते, बाकीचे बहिणीने दिले. मी किंमत ४२० ठेवली आणि डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबल घेतलं. पहिल्या दिवशी नऊ गेले. दुसऱ्या दिवशी एक आजोबा नातवाला उचलून घेऊन शेकरू दाखवत होते, आणि नातू म्हणाला, “खार!” आजोबा म्हणाले, “नाही रे, पट्टे कुठायत?” मी टेबलामागे उभी होते, काही बोलले नाही.

भाचीचा मग नाताळात तिच्याकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर धाडला. नागपूरच्या आत्याला संत्र्याचा रंग थोडा फिका वाटतो, पुढच्या वेळी बघू म्हटलं आहे. संक्रांतीला जळगावला काकूंकडे गेले. त्यांनी मग काचेच्या कपाटात ठेवला आहे, वांग्याची बाजू बाहेर करून. चहा अजून बशीतूनच पितात.